नोरीन पास्कोची पेन्सिल

नोरीन पास्कोला पुस्तक नुसतं वाचता यायचं नाही, त्याच्याशी भांडावं लागायचं. कानावर पेन्सिल अडकवून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, की नवरा क्लेम गुपचूप बूट चढवून मेंढ्यांकडे सटकायचा. त्याचंही बरोबरच होतं. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांवरचं पुस्तक वाचून तिने खुराड्याचं दार कायमचं उघडं टाकलं, आणि आठवड्याच्या आत कोल्ह्याने साऱ्या स्वतंत्र कोंबड्या फस्त केल्या. कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलींची कहाणी वाचली, तेव्हा घरात नवे मोजे आणायचे नाहीत असं ठरलं. क्लेमच्या पायाचे अंगठे त्यानंतर दोन हिवाळे हवा खात होते.

तिला दुनियेची दुःखं सांगणारीच पुस्तकं लागत. प्रेमकथा म्हणजे वेळेची नासाडी. पण दुःख सांगतो म्हणून लेखकाची गय नाही. एका कादंबरीकाराने गळक्या छपरावर पाच पानं खर्ची घातली, तिथे समासात नोरीनची पेन्सिल: "एवढं रडेस्तोवर पत्रा ठोकून झाला असता." दुष्काळावरच्या जाडजूड ग्रंथात प्राध्यापकाला सवाल: "मेंढी कधी जवळून पाहिली आहे का?" त्याच ग्रंथाच्या शेवटच्या पानावर मात्र थरथरत्या अक्षरांत: "खरं आहे. आमच्याकडेही असंच झालं. सगळ्या मेंढ्या एका दिवसात गोळ्या घालून माराव्या लागल्या." त्या ओळीवर पाण्याचा डाग होता, आणि नोरीन चहा पीत वाचत नसे.

पुस्तकं घरची असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण कुल्माबी गावातल्या बायकांचं वाचनमंडळ होतं आणि त्यांची पुस्तकं वाचनालयाच्या पेटीतून येत. एकाच पुस्तकाच्या आठ प्रती. महिनाभर आपण वाचायच्या, मग पेटी पुढच्या गावाला. पुढच्या गावच्या बायकांनी एक कादंबरी उघडली, तर बाराव्या पानावर नायकाच्या नावाशी लिहिलेलं: "याच्यावर विश्वास ठेवू नका. शेवटी संप मोडून पळतो." त्या मंडळाने लेखी तक्रार धाडली.

"तुझं अक्षर आख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे नोरीन," ग्रंथपाल ग्वेन्डा म्हणाली. दोघी एकाच वर्गात शिकलेल्या. "बत्तीस पुस्तकं परत मागवली आहेत. तू जे लिहिलंस ते तू पूस. नाहीतर कार्ड जमा कर."

"पण पळतोच ना तो मेला!"

"पळू दे. हा घे खोडरबर."

कार्ड गेलं असतं तर नोरीनचं अवघड होतं. शंभर किलोमीटरच्या आत दुसरं वाचनालय नाही. घरी बोलायला एकटा क्लेम, आणि त्या माणसाने 'हं' आणि 'बघू' एवढ्या भांडवलावर एक्केचाळीस वर्षं संसार रेटलेला. तिची सगळी बोलणी त्या समासांत झाली होती. ती पुसायची म्हणजे जीभ कापून देण्यासारखंच होतं, तरी ती कबूल झाली.

गुरुवारी क्लेमने तिला वाचनालयापाशी सोडलं आणि तो बाहेर गाडीतच थांबला. एरवीही दर गुरुवारी मेंढ्यांच्या बाजाराला आला की तिची पुस्तकं तोच परत करायचा.

दुपारपर्यंत एकतीस पुस्तकं कोरी झाली. बत्तिसावं होतं शेतावरच्या बायकांच्या कष्टांवरचं. "बायका पुरुषांना मदत करीत," या वाक्याशेजारी तिची पेन्सिल चांगलीच रुतलेली: "मदत? त्या गारठ्यात पहाटे एकोणीस कोकरं कुणी वाचवली? आणि खानेसुमारीच्या कागदावर माझ्या नावापुढे काय, तर 'गृहिणी'!"

त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. अक्षर ठोकळ्याठोकळ्यांचं, मेंढ्यांच्या कानातल्या बिल्ल्यावर लिहावं तसं.

"तो कागद मी भरला होता. चुकलं माझं. आणि एकोणीस नव्हे, बावीस."

नोरीनने ते तीनदा वाचलं. मग तिने उगाचच नाक शिंकरलं.

"काय झालं गं?" ग्वेन्डा जवळ आली. तिनेही वाचलं. "अगं बाई! पुस्तकं आत आणून देण्याआधी तासभर गाडीत बसायचा तो. मला वाटे, डुलक्या काढतोय."

"त्याने शाळा सुटल्यापासून पुस्तक उघडलेलं नाही," नोरीन म्हणाली.

"पुस्तक नसेलच वाचत. मधलं सोडून कडेकडेचं वाचत असेल."

नोरीनने आपली ओळ पुसली. अगदी नीट, फुंकर मारून. खालच्या दोन ओळी तशाच ठेवल्या आणि पुस्तक मिटलं.

"अगं, ते राहिलं की," ग्वेन्डा म्हणाली.

"मी लिहिलं ते मी पुसायचं, हाच नियम ना? ते मी लिहिलेलं नाही."

ग्वेन्डाने पुस्तकाकडे पाहिलं, मैत्रिणीकडे पाहिलं, आणि कार्डावर शिक्का मारून दिला.

बाहेर क्लेम स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

"झालं पुसून सगळं?" त्याने विचारलं. एका दमात तीन शब्द म्हणजे त्याच्या दृष्टीने भाषणच.

नोरीनने दार ओढून घेतलं. "एकोणीस पुसली," ती म्हणाली. "बावीस ठेवली आहेत."

क्लेमचे कान लाल झाले. मग तो बराच वेळ खिसे चाचपत गाडीची किल्ली शोधत राहिला. किल्ली समोर, गाडीलाच लावलेली होती.