घंटेचा पत्ता

वैशालीनं पिशवी माझ्या ओसरीवर उलटी केली, तेव्हा खेळातला तो पत्ता माझ्या चोळीत होता. पिशवीतून वही पडली, कंगवा पडला, एसटीचा पास, रुमालात बांधलेली भाकरी. तिनं पिशवीचे कोपरेसुद्धा बाहेर काढून झटकले. पत्त्याची कड मला टोचत होती.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून सांगणं जमतंय — की वय झालं म्हणून? ते जाऊ द्या.

आमच्या मालकांचं बेंगळुरूला गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. ते गेल्यावर मुलगा दुकान बघू लागला आणि मी विट्यात एकटी राहिले. मुलाची मुलगी स्वाती सांगलीला इंजिनिअरिंगला आली, नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. दर रविवारी ती माझ्याकडं यायची. बरोबर पत्त्यांचा डबा. रमीचे पत्ते नव्हेत — चित्रांचे, खाली इंग्रजी मजकूर, प्रत्येकाचं काम वेगळं. बेंगळुरूत असताना अदलाबदल करून तिनं ते जमवले होते.

सांगलीत खेळायला कुणी नाही, म्हणून तिनं मला शिकवलं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी येत नाही, चित्रांवरून पत्ते ओळखायला शिकले. माझ्याकडं जनावरं — नुसतं अंगावर धावून जायचं. तिचा गठ्ठा निराळा. माझं येईल ते अडवायचं, वेळ काढायचा, आणि आरसा नि घंटा हे दोन पत्ते एकत्र हाती आले की एका झटक्यात मला संपवायचं. पण ते दोन येईपर्यंत तिचा टिकाव लागायचा नाही. ती हरायची. चार पत्ते काढायची, दुसरे चार घालायची आणि म्हणायची, आजी, परत. मालक सोन्यातलं हीण काढायचे, तसं तिचं चालायचं. रविवार मला पुरायचा नाही.

मग ती वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला घेऊन आली. वैशाली, म्हसवडची. मी आडनाव विचारून घेतलं. बौद्ध. तिला मी काचेच्या पेल्यात चहा दिला, आम्ही दोघींनी कपबशीत घेतला. स्वाती शहरात वाढलेली — तिला वाटलं, पाहुणीचा मान. वैशालीला कळलं. तिनं पेला स्वतः धुतला आणि फळीवर एका बाजूला पालथा घातला. पुढच्या वेळेपासून ती स्वतःची भाकरी बांधून आणू लागली.

हुशार पोरगी. दोन रविवारांत खेळ शिकली आणि स्वातीला म्हणाली, "मारायचं पत्तं लय भरल्यात तू. आजीची जनावरं मारत बसू नगं, नुसती अडीव. आन् घंटा हुडकून आणणारं पत्तं वाढीव."

स्वातीनं तसं केलं, आणि गठ्ठा चालू लागला. मी दर डाव हरू लागले. त्याचं काही नाही. पण मग त्या दोघीच खेळत बसायच्या आणि मी बाजूला शेंगा फोडत. एका रविवारी स्वाती सहज बोलून गेली — पुण्यात सामने आहेत, आता रविवारी वसतिगृहातच सराव करू.

आरसे चार होते. घंटा एकच. दोघी हात धुवायला मोरीत गेल्या, तेवढ्यात मी ती काढून घेतली.

घर धुंडाळून झालं. स्वाती रडकुंडीला आली. हरवली म्हणून विषय मिटत होता — मी गप्प राहिले असते तर तिथंच मिटला असता. पण मी बोलले. म्हणाले, आपल्या दुकानातून निघताना प्रत्येक जण कपडे नि पिशवी झटकतो, सोन्याचा कण चिकटला असेल तर पडावा म्हणून. त्यात कुणाचा अपमान नसतो.

रीत खरी आहे. एवढंच सांगितलं नाही, की मालक सगळ्यांच्या आधी स्वतःचा सदरा झटकायचे.

वैशालीनं पिशवी झटकली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आजी, तुमी न्हाई झटकत?"

"मी घरची हाय," मी म्हणाले.

स्वाती मान खाली घालून पत्ते गोळा करत राहिली. मैत्रिणीच्या बाजूनं ती एक शब्द बोलली नाही. वैशालीनं भाकरी पुन्हा रुमालात बांधली आणि दुपारच्या एसटीनं एकटी गेली.

पुढं स्वातीनं खोली बदलली. दुसरी घंटा काही मिळाली नाही, पुण्याला कुणी गेलं नाही. खेळ सुटला, तसे माझे रविवारही सुटले.

पत्ता घेतला तो एकटी होते म्हणून. तेवढं मला समजतं. पण पिशवी झटकायला लावली, ती कशापायी? आळ कुणावर बसेल हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. फळीवर तो पेला वेगळा होता, तेव्हापासून ठाऊक होतं.

स्वाती आता परदेशात असते. मागं फोनवर म्हणाली, वैशाली असं करेल असं वाटलं नव्हतं गं आजी. मी हं म्हटलं. पत्ता मालकांच्या तराजूच्या पेटीत आहे.

त्या दुपारी ओसरीवर आम्ही तिघी होतो — स्वाती, म्हसवडची वैशाली आणि मी. झटकलं एकटीनंच.