मित्रदेशांनी जहाजं पाठवावीत, असा आमच्या घरचा ठराव

श्रोतेहो, शांतता राखा. जगाच्या भवितव्याशी निगडित अशी एक अत्यंत गंभीर घोषणा करण्यात येत आहे. लातूर येथे आमच्या वडिलोपार्जित घरी, पुढच्या खोलीत, कूलरसमोर भरलेल्या सभेत असा ठराव मंजूर झाला आहे की, आखातात अडकलेली व्यापारी जहाजं बाहेर काढण्यासाठी सर्व मित्रदेशांनी आपापल्या युद्धनौका विनाविलंब पाठवाव्यात. ठरावाच्या बाजूनं तीन मतं, विरोधात एक. विरोधातलं मत आमच्या वडिलांचं असून ते विचारात घेण्यात आलेलं नाही.

हसू नका. म्हणजे हसा, पण नंतर. मी बायकोसह नांदेडला राहतो, औषधांच्या दुकानात बसतो, लग्नसराईत सूत्रसंचालन करतो आणि लातूरच्या सभेला बहुतेक फोनवरून हजर असतो. भीती वाटली की माझा आवाज आपोआप माईकवरचा होतो. त्या उन्हाळ्यात मी महिनाभर माईकवरच्या आवाजात बोलत होतो. बायको म्हणायची, "घरात तरी साधं बोला की." मला साधं बोलता येत नव्हतं, कारण त्या अडकलेल्या जहाजांपैकी एकावर माझा धाकटा भाऊ होता.

तो फिटर. आयटीआय केलेला, लातूरच्या एमआयडीसीत चार वर्षं घासलेला, मग एका एजंटाच्या नादानं जहाजावर गेलेला. आमच्या खानदानात समुद्र पाहिलेला तो पहिलाच. जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्या देशाचा, आतला माल तिसऱ्याचा, आणि इंजिनाखाली आडवा पडून नट आवळणारा आमचा. त्यामुळे सोडवायचं कुणी, हा प्रश्न आला की सगळे एकमेकांकडे बोट दाखवत.

लढाई कशी लागली ते मी आमच्या घरच्या भाषेत सांगतो, कारण आम्हाला ती त्याच भाषेत कळली. एक बलाढ्य देश होता. आमच्याकडे त्याचं नाव 'पाटील' पडलं. पाटलानं एका सकाळी समोरच्यावर बाँब टाकायला सुरुवात केली. समोरच्यानं समुद्रातल्या चिंचोळ्या वाटेत सुरुंग पेरले आणि वाट बंद केली. मग पाटील आपल्या दोस्तांना म्हणाला, या सगळे, आपापली जहाजं घेऊन या, मिळून वाट मोकळी करू. आणि दोस्त म्हणाले, सुरू करायच्या आधी आम्हाला विचारलं होतं का?

टीव्हीवरचे जाणकार हे समजावायला तासभर घेत. आमच्या शेजारचे चाचा एका वाक्यात मोकळे झाले. चाचा कूलर दुरुस्त करतात. आमचा कूलर बघायला म्हणून आले आणि महिनाभर रोज येत राहिले. म्हणाले, "इसमें क्या समजना है? मामाला न विचारता लग्न ठरवलं, आता मामा मांडवात येऊन नाही राहिला."

भावजय चिडली. "रुसायचं ते नंतर रुसा म्हणावं. आधी जहाजं पाठवा."

ही माझी भावजय पूर्वी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर नीट केल्याशिवाय उभी राहत नसे. थोरल्या दिराशी बोलायचं तर नवऱ्यामार्फत बोलायची. तीच आता परदेशच्या मंत्र्यांना टीव्हीपुढं बोट नाचवून झापत होती. "एवढा कोट घालून बसलास, जा की रे! भेकडा! माणसं मरायची वाट बघून राहिलास का?" एका थंड मुलुखातल्या देशाच्या संसदेत जहाजं पाठवायची की नाही यावर मतदान होतं, तर ही सकाळीच सिद्धेश्वराला अभिषेक घालायला गेली. पुजाऱ्यानं संकल्पासाठी नाव आणि गोत्र विचारलं. हिनं देशाचं नाव सांगितलं. पुजारी थबकला, गोत्र विचारावं की नाही याचा विचार केला, आणि तसाच पुढं सरकला. एवढं करून त्या संसदेनं नकारच दिला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

विरोधी पक्ष म्हणजे आमचे आप्पा. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, मांडीवर बंद पडलेला रिमोट. आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. ते म्हणत, "चार जहाजं हाईत तवर भांडण हाय. चाळीस आली की जत्रा हुईल. आन् जत्रंत चेंगरतंय कोण? आपलंच."

"आप्पा, तुम्ही गप बसा," असं आम्ही तिघंही म्हणायचो. सूनसुद्धा.

उभ्या जहाजाची एक अडचण आम्हाला नव्यानं कळली. चालतं जहाज समुद्राचं पाणी गोडं करून घेतं. नांगर टाकून किनाऱ्याजवळ उभं राहिलं की तिथलं घाण पाणी त्या यंत्रात घेता येत नाही. म्हणजे टाकीत आहे तेवढंच. भावानं हे फोनवर सांगितलं आणि आमच्या घरात, खरं सांगतो, क्षणभर उत्साह पसरला. पाणी नाही? अरे, एवढंच ना! ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्या दुकानातली पोचे आलेली शेवटची घागरसुद्धा खपली होती. पाणी पुरवून वापरणं ही आमची विद्या. भावजयीनं व्हॉइस मेसेजवर पाठच दिला. परातीत उभं राहून आंघोळ करा, परातीतलं पाणी कपड्याला, कपड्याचं संडासला. ताटं धुवायची नाहीत, कोरडी पुसायची. भाजी धुतलेलं पाणी टाकलं तर बघा. भावानं ते तिथल्या सात मुलुखांच्या माणसांना समजावलं. कप्तानानं खूश होऊन त्यालाच पाणी वाटायला बसवलं. "आमचं माणूस जहाजावर पाणीवाटप अधिकारी झालं," असं मी नांदेडच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगत सुटलो.

आधी माणशी एक बादली होती. मग अर्धी झाली. मग बादली बंद झाली आणि बाटल्या सुरू झाल्या. पाणी वाटणाऱ्याला शिव्या बसतात, हे लातूरकराला वेगळं सांगायला नको. त्याचा आवाज बदलला. "ओठ फुटून राहिलेत, बाकी मजेत," म्हणायचा. आणि एका दुपारी त्यानं फक्त मला फोन केला.

"दादा, आमच्या पुढं एक जहाज उभं होतं. रोज त्यांचा कुक मला हात करायचा. ते परवा कंटाळून निघालं वाटेला. धूर दिसला नुसता."

"मग?"

"मग काय? घरी सांगू नको."

मी सांगितलं नाही. मी, ज्याच्या पोटात लग्नाची तारीख टिकत नाही, ते पोटात ठेवून लातूरला फोनवर रोज ठरावाच्या बाजूनं बोलत राहिलो.

अशात एका सकाळी भावजय उठली, सतरंजी घेतली आणि त्या एजंटाच्या ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसली. आप्पांना सांगितलं नाही, मला नाही, चाचांना नाही. बसल्यावर मला फोन केला.

"भाऊजी, मी बसले हितं. त्यानं शटर ओढून घेतलंय आतून. तुम्ही दहा माणसं घेऊन या."

मी म्हणालो, "बाई, बसायच्या आधी मला विचारलं होतंस का?"

पलीकडं जिन्यातून कुणीतरी चढत असल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुमचा भाऊ हाय. विचारावं लागंल असं वाटलं न्हाई."

"तसं नाही गं. भोकरचं लग्न आहे उद्या. शब्द दिलाय. आणि पोलीस आले तर? हे असं एकटीनं सुरू करायचं आणि मग..."

तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी टीव्ही लावला. कुठलासा परराष्ट्रमंत्री उभा होता. खाली मराठीत पट्टी फिरत होती: आम्ही मित्र आहोत, पण आम्हाला विचारलं नव्हतं, ही लढाई आमची नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारातून पट्टी वाचत होती. सकाळचं माझं फोनवरचं बोलणं तिनं ऐकलं होतं. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली. मंत्र्याला निदान त्याच्या बायकोसमोर उभं राहून बोलावं लागलं नसेल.

पहाटेच्या एसटीनं मी लातूरला निघालो. भोकरच्या लग्नात माईकशिवाय अक्षता पडल्या, असं कळतं. अहमदपूर येईपर्यंत मी एजंटाला करायचं भाषण तीन वेळा पाठ केलं. त्यात टाळ्यांच्या जागा होत्या. उतरलो तो थेट त्या जिन्यात गेलो. भावजय आदल्या दिवशी रात्री आप्पांच्या हट्टानं घरी गेली होती आणि उजाडताच परत येऊन बसली होती. तिनं सतरंजीवर जागा करून दिली. एवढंच. टोमणा नाही, काही नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

तासाभरानं शटर वर गेलं. एजंट माझ्यापेक्षा घाबरलेला होता. त्यानं आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. भावजय अर्धा ग्लास प्यायली आणि उरलेला माझ्याकडं सरकवला. माझं भाषण घशातच राहिलं.

"बघा, खरं सांगतो," एजंट म्हणाला. "आता कुणाची जहाजं येत नाहीत. दोस्तांनी शेवटचा नकार दिला. कंपनी म्हणते, सोबतीशिवायच निघायचं. पण जबरदस्ती न्हाई. प्रत्येकाकडून कागद घेणार. मर्जी असंल त्यानं सही करायची. नसंल त्याला शेजारच्या उभ्या जहाजावर ठेवणार."

"कवापर्यंत?" भावजयीनं विचारलं.

एजंटानं हात वर केले.

"आन् निघाले तर?"

"निघाले तर एका दिवसात वाटेच्या बाहेर. मग घरीच." तो थांबला. "सुरुंग लागला न्हाई तर."

भावजय माझ्याकडं वळली. मी छताच्या पंख्याकडं पाहत होतो. धूर मला तिथं फिरताना दिसत होता. त्या वेळी सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास भावाचा फोन आला. पुढच्या खोलीत आम्ही चौघंही होतो. चाचांनी कूलर बंद केला, म्हणजे ऐकू येईल. भावजयीनं फोन टिपॉयवर ठेवून स्पीकर लावला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग त्याचा खरखरीत आवाज.

"कागद आलाय. तासाभरात द्यायचाय. करू का सही?"

काय सांगू तुम्हाला! महिनाभर ह्या खोलीत एकाही देशाला आमच्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकता आलं नव्हतं. कुणी कुठली नौका पाठवावी, कुणी किती शिपाई द्यावेत, कुणी घाबरट, कुणी मर्द, सगळं आम्ही इथं बसून ठरवलं होतं. आणि आता चौघांच्या तोंडातून हूं की चूं निघेना. आप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. चाचा ओठांतल्या ओठांत दुआ मागत होते. मी घसा साफ केला. माझा पुन्हा तो माईकवरचा आवाज निघणार असं वाटलं आणि मी तोंड मिटलं.

"बोला की," भाऊ म्हणाला. "आप्पा?"

आप्पा म्हणाले, "तुझं तू बघ रं," आणि लगेच म्हणाले, "न्हाई, तसं न्हाई. थांब जरा."

"दादा?"

"तिकडं पाणी किती आहे अजून?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न. तोच मला सुचला.

"दादा, पाण्याचं नको इचारू. तुला माहीत हाय सगळं. तू सांग."

भावजयीनं माझ्याकडं पाहिलं. 'तुला माहीत हाय' हे शब्द तिनं ऐकले होते. ती माझा चेहरा वाचत होती, आणि माझा चेहरा, ज्यानं आयुष्यभर नको तितकं सांगितलं, तो तेव्हाही सगळं सांगून बसला. तिचा हात टिपॉयच्या कडेला घट्ट झाला.

"ऐका," भाऊ म्हणाला. "कागदावर मर्जी लिहिलीय, पण इंजिनाला एक फिटर लागतोच. आम्ही दोघं हाव हितं. मी आन् तो म्हातारा, ज्यानं मला काम शिकवलं. दोघांतला एक गेला तरी भागतंय. मी नाही म्हणलो तर त्याला जावं लागंल. तो पण आता घरी फोन लावून बसलाय, शेजारच्या केबिनमध्ये. त्याच्या बायकोचा आवाज येऊन राहिलाय मला."

खरंच येत होता. भाषा कळत नव्हती. लांबून, पत्र्याच्या भिंतीपलीकडून, एक बाई भराभर काहीतरी बोलत होती, मधेच थांबत होती, पुन्हा बोलत होती. आम्ही सगळे ते ऐकत होतो.

आणि भावजय फोनवर वाकून, जिवाच्या आकांतानं ओरडली, "मग जाऊ द्या की त्याला!"