पहारेकरी हजर, मदतनीस गायब

लॅबमधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सिंकमधल्या काचेच्या भांड्यांसारखे ते आपोआप साचतात! परवा चहाला बसलो आणि एकेक निघायला लागले. आमची लॅब जळगावची. माणसं तीनच: गाइड मॅडम, चाळीसगावकडची वैशाली आणि मी.

*

कामाचा विषय असा. पेशीत पी-फिफ्टीथ्री नावाचं प्रोटीन असतं. गाठ होऊ न देणारा पहारेकरीच. पण दुसरं एक प्रोटीन मदतीला आलं, तरच तो बिघडलेल्या पेशीला थांबवणारी जनुकं नीट चालू करू शकतो. पहिल्याच आठवड्यात मी हे मॅडमना घडाघडा म्हणून दाखवलं.

"आणि मदतनीस आलाच नाही तर?"

मी वहीची पानं उलटसुलट चाळायला लागलो.

"पहारेकरी खुर्चीत बसून राहतो. हजेरी पूर्ण, काम शून्य. तुझ्यासारखं!"

*

ऐन मे महिन्यात डीप फ्रीजर बंद पडला. वैशालीची सगळी पीएचडी आत! नमुने बर्फात घातले आणि बाइकवरून कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्या शेठजींकडे सुटलो.

"काय आहे डब्यात?"

"कॅन्सरच्या पेशींमधलं प्रोटीन."

शेठजी दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी वैशालीचा चेहरा पाहिला. एक फ्रीजर रिकामा केला, कुल्फ्या गल्लीत वाटून टाकल्या.

"बेटी, हा फ्रीजर आता तुझाच. परत मात्र देऊ नकोस!"

*

पुढचा प्रयोग त्याच नमुन्यांवर. त्या पेशींना आधीच औषध देऊन मदतनिसाला अडवलेलं. डार्करूममध्ये वैशाली फिल्म धूत होती; नमुन्यात प्रोटीन असेल, तर फिल्मवर त्याची काळी पट्टी उमटते. पहारेकऱ्याची पट्टी ठळक उमटली. त्यानं काम केल्याची पट्टी जिथे यायची, तिथे कोरं.

"गेलं सगळं!" मी कपाळाला हात लावला.

वैशालीनं आनंदानं आरोळीच ठोकली. मदतनीस अडवला की पहारेकरी नुसता बसून राहतो, हेच तर तिला दाखवायचं होतं! संध्याकाळी वॉचमनला पेढा दिला, तर तो म्हणाला, "कशाचा, ताई?"

"काहीच दिसलं नाही, त्याचा!"

*

तिच्या व्हायव्हात ऐन प्रश्नाच्या वेळी लाइट गेली. बाहेरून आलेले परीक्षक कडक, आधीच दोन मुद्द्यांवर तिला अडवलेलं. घामाघूम अवस्थेत त्यांनी विचारलं, "मदतनीस नसेल, तर पेशीत नेमकं काय होतं?"

वैशालीनं वर बोट दाखवलं. "सर, पंखा जागेवर आहे. फिरत नाहीये."

परीक्षक हसले आणि पास म्हणून सही करून त्यांनी फाइल मिटली.

*

शेवटचा किस्सा वैशालीची माय आता स्वतःच सगळ्यांना सांगते, म्हणून मीही सांगतो.

मायलाच गाठ निघाली. धुळ्याला ऑपरेशन ठरलं. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबलं होतं. वैशालीनं मायचा हात घट्ट धरलेला. मी मागे उभा.

माय म्हणाली, "तू दिनभर कॅन्सर कॅन्सर करस. मंग माले कसा व्हयना?"

तो कसा होतो, हे वैशालीनं अहिराणीतच सांगितलं. पहारेकरी, त्याचा मदतनीस, सगळं. मदतनीस आला नाही की पहारेकरी नुसता बसून राहतो, हेही.

मायनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्या मदतनीसले बलाव ना. तू वयखस ना त्याले?"

"वयखस, माय." त्याला ओळखण्यातच तर तिची सगळी पीएचडी गेली होती.

दार उघडलं. स्ट्रेचर आत सरकायला लागलं. मायनं मान वळवली.

"मंग सांग त्याले, माय वाट देखी ऱ्हायनी!"