एकदाच का सांगितलंत?

जहाजाचा तळ वाळूला टेकला तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते आणि जहाज चालवतात त्या ब्रिजवरची पाळी माझी होती. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. जहाज नुसतं थबकलं, कपातला चहा सांडला, आणि किनाऱ्यावरची झाडं खिडकीतून सरकायची थांबली.

मी सेकंड ऑफिसर. चार्टवर मार्ग आखायचं काम माझं. भरती ओसरायच्या आत बंदरात शिरता यावं म्हणून कॅप्टननं तो मार्ग सोडून वाळूच्या पट्ट्याजवळून जायला सांगितलं. पाण्याची खोली दाखवणारा आकडा उतरायला लागला. मी म्हणालो, "सर, पाणी कमी होतंय."

"पंचवीस वर्षं इथून जातोय मी," ते म्हणाले. दुर्बीण डोळ्यांवरून काढलीही नाही.

मग मी तो आकडा बघत गप्प राहिलो.

कुणी दगावलं नाही, तेलही सांडलं नाही. पुढच्या भरतीला टगबोटींनी जहाज ओढून काढलं. चौकशीत कॅप्टननं सांगितलं, "ऑफिसरनं मला सावध केलं नाही." ब्रिजवरचं बोलणं रेकॉर्ड झालेलं असतं. ते ऐकवलं. माझं वाक्य होतं त्यात, पण रजा मागताना बोलावं तसं, दबकत. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "एकदाच का सांगितलंत?"

कॅप्टनना समज मिळाली. माझा परवाना निलंबित झाला.

नारायणगावला घरी आलो. आईनं विहारात 'पोरगा सुट्टीवर आलाय' असं सांगून ठेवलं होतं, पण बातमी आधीच पोचली होती. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "भाऊ, एवढा मोठा समुद्र, आन् जहाज जमिनीला लागलंच कसं?" सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याचाच राग जास्त आला.

वडिलांनी उभी हयात टोमॅटोचे ट्रक चालवले. ते एवढंच म्हणाले, "शेजारी बसून 'दामट' म्हननाऱ्याचं नाव पंचनाम्यात कदी येत न्हाई. पन ब्रेक तुज्या पायाखाली व्हता ना?"

ते खरं होतं, म्हणून दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

परवाना परत मिळण्यासाठी कंपनीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा होता. विषय, अपघात टाळण्यात कनिष्ठांची जबाबदारी. नेट बरं म्हणून मंचरला बहिणीकडे जाऊन बसलो. स्क्रीनवर शिकवायला तेच कॅप्टन आले. कंपनीनं त्यांना सुरक्षा विभागाचं प्रमुख केलं होतं.

"धोका दिसला की निर्भयपणे बोला," ते सांगत होते. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, म्हणाले. मी माइक चालू केला.

"सर, सांगूनही वरच्यानं ऐकलं नाही तर?"

त्यांनी स्क्रीनवरचं माझं नाव वाचलं असावं. स्क्रीनकडे वाकले. "पुन्हा सांगायचं. मोठ्यानं सांगायचं."

"आणि वरच्याची जबाबदारी?"

"तो वेगळा कोर्स आहे," असं म्हणून त्यांनी सगळ्यांचे आभार मानले.

संध्याकाळी सर्टिफिकेट आलं. मी कंपनीच्या यादीत तो वेगळा कोर्स शोधला. तसा कोर्सच नव्हता. परवाना मिळाल्यावर पुन्हा जहाजावर गेलो, एक पायरी खाली, थर्ड ऑफिसर म्हणून.