कुणीतरी निऱ्या धरल्या

हाताचं प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा शाळेत शिकवायला निघाले, तेव्हा दुखऱ्या हाताने साडी कशीबशी गुंडाळली होती. एसटी स्टँडवर एक अनोळखी बाई म्हणाली, "ताई, जरा सरळ उभ्या राहा." भर गर्दीत खाली बसून तिने माझ्या निऱ्या सारख्या केल्या, स्वतःची पिन काढून माझ्या पदराला लावली. "आता कशा बाई शोभताय!" म्हणत ती घाईने तिच्या गाडीत चढली.

नीटनेटकी बाई दिसली की आपण तिचंच कौतुक करतो. तिच्यासाठी कधी आई, कधी जाऊ, कधी मैत्रीण खाली वाकलेली असते, हे मात्र कुणाला दिसत नाही.

वर्गात मुली म्हणाल्या, "बाई, किती छान दिसताय!" मी हसून खडू उचलला. हात दुखत होता, पण फळ्यावर अक्षर सरळ आलं.