मायचा धूर आणि माझी पेटी

तुम्ही सगळे मायच्याच बाजूनं बोलणार, हे मला ठाऊक आहे… पण तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळतं म्हणून नव्या स्वयंपाकघराला धुराडं ठेवा म्हटलं, तर त्यात माझं चुकलं काय? इथं अमरावतीला इंग्रज साहेबाच्या बंगल्यात मी स्वतः पाहिलं आहे. खाली चूल, वरून धूर बाहेर… आणि खानसामा आत उभा राहून खुशाल गुणगुणतो.

आमचं अकोटाजवळचं घर ज्यांनी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. स्वयंपाकघर दिवाळीनंतर पाडलं, ते अजून उभं राहतंच आहे. गवंडी रहीमचाचा अकोल्याकडे रेलच्या पुलावर जातात, तिथं रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, दुप्पट. तिथलं काम थांबलं की आमच्याकडे येतात, थोड्या विटा लावतात, पान खातात आणि जातात. सुतार तर कापसाच्या वखारी बांधण्यातून मान वर करत नाही.

मी इथं कापूसबाजारात गाठी दाबायच्या कामावर. होळीला घरी गेलो तर कुठली वस्तू कुठं असेल याचा नेमच नाही… तिखट माझ्या जुन्या पागोट्यात बांधून खुंटीला. डाळीची कणगी गोठ्यात, गाईच्या तोंडापासून जेमतेम लांब. लोणच्याचं मडकं दादाच्या बाजेखाली. दादा म्हणाला, सपनात बी आंबेच येऊन राह्यले.

मला अशा गोष्टींचा मोठा नाद. कोणतं सामान कशात राहील, याचाच विचार करत घरभर फिरलो. जाताना इथून एक पेटीही नेली होती… विलायतेहून यंत्राचे भाग येतात त्यातली, आतून पत्रा मारलेली, झाकण असं बसतं की मुंगी शिरणार नाही.

एक गोष्ट मात्र कळेना. मायनं चूल मांडली होती पडवीच्या पार टोकाला, विहिरीपासून लांब. पाणी आणताना वहिनीचा जीव जातो. आणि चुलीच्या बरोब्बर वर बांबू आडवा बांधून त्याला जवारीच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या… धुरानं काळ्या कुळकुळीत.

ते पेरणीचं बी. गावात यंदा ज्यानं त्यानं कापूसच लावायचा ठरवला आहे. जवारीचं एवढंसं वावर राखणारी आमची मायच. हे बी गेलं तर वर्षभर भाकरीसाठी बाजाराकडे पाहायचं, आणि बाजारात धान्याचा भाव काय चालला आहे ते तुम्ही जाणताच.

मी म्हटलं, नव्या स्वयंपाकघराला धुराडं ठेव, बी पेटीत घाल. चूल विहिरीपाशी घे.

"चूल तिकडं नेली त बी कोठं टांगू?" माय म्हणाली. "तिथं बांबू बांधाले जागा हाय का?"

"टांगायचंच कावून? आन् ह्या धुरानं तुह्ये डोये चालले."

"धूर माह्या डोयाले लागते बाप्पा, तसा किड्याच्या बी डोयाले लागते."

वहिनी पीठ मळत हसत होती. "भाऊजी, त्या पेटीत मलेच ठेवा. ना धूर, ना पानी आनाचं काम."

रहीमचाचा त्या दिवशी आलेले होते. भिंतीवरूनच म्हणाले, "बेटा, तुम मायलेक पयले ठरवा. मैं धुराडं करता बी और बुजवता बी. मेरेकू क्या, रोज वोच."

शेवटी मायनंच वाटणी केली. अर्धं बी तिचं, वर टांगलेलं. अर्धं माझं, पेटीत. कणसं पेटीत मावेनात म्हणून मी ती झोडपून दाणे काढले, झाकण ठोकून बसवलं आणि अमरावतीला निघून आलो… खरं सांगतो, मनात अगदी खात्री होती.

परवा आमच्या गावचा गाडीवान कापूस घेऊन आला. त्याच्या हातून मायनं दोन पुरचुंड्या धाडल्या होत्या. त्या पुरचुंड्यांबद्दल निरोप एवढाच, की पाहून घे.

एकीत काळपट दाणे, नाकाशी धरले तर सगळं घर आठवावं असा वास. दुसरीत पीठ, आणि त्यात चालणारे सोंडे किडे… दाणा उचलून पाहिला, तर सुई टोचावी तसं भोक आणि आत पोकळ.

मला राग येण्याआधी नवल वाटलं. पेटीत मुंगी शिरू शकत नाही, मग हे आले कुठून? फार विचार केला. इथल्या एका म्हाताऱ्या दलालाला विचारलं, तो म्हणाला, अरे, ते वावरातूनच दाण्यात बसून येतात. म्हणजे मी त्यांना बाहेर ठेवलंच नव्हतं… आत घालून वर झाकण ठोकलं होतं.

तरी दोन्ही पुरचुंड्यांतले दाणे वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधून ठेवले. मायच्या दाण्यांना पांढरे कोंब आले. माझ्या फडक्याला नुसता आंबूस वास.

आणि धुराडं? ते होणार आहे. मायनंच गाडीवानाजवळ सांगून पाठवलं… मृगात बी पेरलं की धुराडं उघडं, नवं बी वर टांगलं की त्यावर झाकण. रहीमचाचा कवेलूचं, म्हणजे कौलाचं, झाकण घडवणार आहेत. म्हणजे निम्मं वर्ष तरी तिच्या डोळ्यांना आराम. हे असं करता येईल, हे ना मला सुचलं ना साहेबाच्या खानसाम्याला.

निम्मं बी मात्र गेलं ते गेलंच, आणि मृग काही थांबणार नाही. दादाला निरोप धाडतो आहे, बी बाजारातून आणू नको. ज्या घरात अजून चुलीवर जुड्या टांगलेल्या आहेत, तिथूनच माग, आणि भाव करू नको. याच गाडीवानाजवळ त्यासाठी पाच रुपये पाठवतो आहे.