पाटीवरचं खोटं

हवाई दलातून निवृत्त होऊन मी नागपूरला परतलो. एक दिवस सायकलवरून धरमपेठेत भाजी आणायला निघालो, तर वाटेतल्या चौकात चौथऱ्यावर एक जुनं लढाऊ विमान बसवलेलं दिसलं. शेपटीवरचा नंबर वाचला आणि ब्रेकच दाबला. हे तर आमच्या हँगरमधलं! खाली पाटी होती: 'एकाहत्तरच्या युद्धात या विमानाने शत्रूची विमाने पाडली.'

साफ खोटं. युद्धभर हे विमान जागचं हललं नव्हतं. सुटे भाग मिळेनात, म्हणून आम्ही मेकॅनिक याचेच भाग काढून बाकीच्या विमानांना बसवत होतो. आज चाक, उद्या पंप, परवा अख्खं इंजिन. ती उडाली ती याच्या जिवावर. हे मात्र पुन्हा कधी उडालंच नाही.

पाटी बदला म्हणून मी तडक चौक सजवणाऱ्या समितीकडे गेलो. तिथला कारकून म्हणाला, "काका, काहून डोकं खाऊन राहिले? लोकायले लढणारंच विमान पाह्यजे."

"मंग जा, इंजिनाचं झाकण उघडून पाह्य गा!" मी ओरडलो. "अंदर काहीच नाही. सारं देऊन बसलं ते. हे लिवा पाटीवर!"